हेल्पर कुणाला म्हणायचं?

गोदामात काम करणाऱ्या प्रत्येक माणसाची तीन पदं असतात. एक गळ्यातल्या आयकार्डावर, एक सगळ्यांच्या तोंडी आणि एक नियुक्तिपत्रावर. आयकार्डावर 'वेअरहाउस असोसिएट', तोंडी 'मशीनवाला' आणि पत्रावर 'हेल्पर', असा एकच माणूस मी रोज बघते. पगार, ओव्हरटाइम, अपघात झाला तर होणारी विचारपूस, पुढच्या नोकरीत धरला जाणारा अनुभव, हे सगळं त्या तिसऱ्या पदावर ठरतं. आणि आपली पोरं वाचत नाहीत ते नेमकं तेच.

मी भिवंडीत एका मोठ्या गोदामात इन्व्हेंटरी, म्हणजे मालसाठ्याचा हिशोब बघते, त्याआधी इनवर्डला, म्हणजे आलेला माल आत घ्यायच्या कामाला होते. गणपती झाले की सणाच्या मालासाठी भरती निघते आणि फोन सुरू होतात. "ताई, पिकरची जागा आहे म्हणतात, म्हणजे काय करायचं असतं?" "लोडर आणि हेल्पर एकच का गं?" प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते.

एका गाडीच्या मागोमाग आत चला, म्हणजे पदं आपोआप कळतील.

गाडी गेटवर येते तेव्हा 'रिपोर्ट' होते. गेटवरचा सिक्युरिटीवाला रजिस्टरमध्ये गाडी नंबर, चालकाचा मोबाइल आणि वेळ लिहितो, सील तपासतो. चालकाच्या हातात बिल, एलआर आणि ई-वे बिल असतं. एलआर म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याची मालाची पावती, जुने लोक तिला अजून बिल्टीच म्हणतात. ई-वे बिल म्हणजे माल वाहून नेण्यासाठीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद. परराज्यातून येणाऱ्या ५० हजारांच्या वरच्या मालाला तो लागतो आणि साध्या गाडीला २०० किलोमीटरमागे एक दिवस अशी त्याची मुदत असते. त्यामुळे लांबून आलेली गाडी गेटवर ताटकळत राहिली की चालक आधी त्या कागदावरची तारीख बघतो. नंबर लागला की गाडी डॉकला, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या धक्क्याला लागते. मग लोडर येतात. भरणारा आणि उतरवणारा, दोघंही लोडरच. 'गाडी खाली करायची' आणि 'गाडी भरायची' असे दोनच हुकूम त्यांना मिळतात.

डॉकवर लोडरच्या शेजारी उभा असतो तो चेकर. नवख्याला वाटतं, हा नुसता खोके मोजतोय. पण चेकर कसा मोजतो ते जवळून बघा. पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या फळ्यांच्या चौकटीवर, एका थरात किती खोके आणि थर किती, हा गुणाकार कुणालाही जमतो. कसलेला चेकर आधी थप्पीला फेरी मारतो. चारही बाजूंनी खोके दिसतात, पण मधला एक खोका नसला तर बाहेरून काही कळत नाही. अशा थप्पीला आम्ही पोकळ थप्पी म्हणतो. तो वरच्या थरावर तळहात दाबून बघतो, पुठ्ठा मध्यभागी किंचित दबला की लगेच म्हणतो, "हे खोला." मग एका बाजूचा थर उतरवतात आणि खोका कमी निघाला तर गाडीच्या कागदावर 'शॉर्ट' लिहून चालकाची सही घेतात. ती सही डॉकवरच झाली पाहिजे, गाडी गेल्यावर कुणी वाली नसतो. फाटलेला, भिजलेला माल 'डॅमेज', जास्त निघालेला 'एक्सेस'. चेकरनं लिहिलेल्या आकड्यावर डेटा एन्ट्री ऑपरेटर, म्हणजे आमच्याकडचा डीईओ, जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद काढतो. जीआरएन निघाला की माल कंपनीच्या खात्यावर चढला. तोवर डोळ्यांसमोर पडलेला असला तरी तो माल कागदोपत्री गोदामात नसतो.

त्यानंतर पुटअवे, म्हणजे माल जागेवर लावणं. प्रत्येक जागेला लोकेशन असतं: गल्ली, खण, मजला. खालच्या खणात हाताने ढकलायच्या पॅलेट ट्रकने माल जातो, वरच्या मजल्यांना रीच ट्रक लागतो. रीच ट्रक हे अरुंद गल्लीत उभं-आडवं वळणारं आणि चार-पाच मजली रॅकवर पॅलेट ठेवणारं यंत्र आहे. ते चालवणं हे हुन्नराचं काम. पॅलेट उचलणारे काटे वर नेताना मान मागे टाकून बघावं लागतं, पॅलेट अर्धा इंच तिरकं बसलं तरी कधीतरी खाली येतं.

पिकर म्हणजे हातात स्कॅनर घेऊन ऑर्डरीप्रमाणे माल वेचणारा. स्कॅनरला सगळे 'गन' म्हणतात. गनच्या पडद्यावर लोकेशन येतं, तिथे जायचं, लोकेशनचा बारकोड मारायचा, मालाचा बारकोड मारायचा, नग टाकायचे, पुढे जायचं. तासाला किती लायनी, म्हणजे ऑर्डरीतल्या ओळी झाल्या याचा हिशोब सुपरवायझरच्या स्क्रीनवर लागत असतो. पिकरची नोकरी ही पायांची नोकरी आहे. बूट चांगले घ्या, बाकी सगळं आठवड्याभरात जमतं. पॅकर टेबलावर असतो, बहुतेक ठिकाणी पॅकिंगला आणि रिटर्नला बायका जास्त. रिटर्नमध्ये परत आलेलं पार्सल उघडून, वस्तू तीच आहे का, वापरलेली आहे का, हे ठरवणाऱ्या मुलीला कागदावर 'पॅकर' म्हणतात. पण ती करते ती तपासणी असते, आणि ती तपासणी चुकली तर दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या घरी वापरलेली वस्तू जाते.

वर टीएल (टीम लीडर), सुपरवायझर, शिफ्ट इन्चार्ज. त्यांच्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही, ती पदं सगळीकडे सारखीच. माझं काम सायकल काउंट. रोज थोडी थोडी लोकेशनं मोजायची आणि सिस्टीममधला आकडा आणि खणातला आकडा जुळतो का ते बघायचं. जुळला तर 'स्टॉक बसला'.

आता मी या तिसऱ्या पदासाठी इतका जीव का टाकते ते सांगते.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, माथाडी होते. गाव पाटण तालुक्यातलं, काम आधी मशीद बंदरला आणि बाजार हलल्यावर तुर्भ्याच्या दाणा बाजारात. कोपरखैरण्यात माथाड्यांच्या वसाहतीत मी वाढले. आमच्या चाळीत कुणाला विचारलं, "तुमचे वडील काय करतात?" तर उत्तर यायचं, "ते बोर्डात आहेत." हमाली करतात, असं कुणी सांगायचं नाही. लाज वाटायची म्हणून नव्हे. बोर्डात असणं ही खरोखरच वेगळी गोष्ट होती, म्हणून.

महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा १९६९ चा. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईतल्या माथाड्यांना एकत्र केलं, त्या लढ्यातून तो आला. त्या कायद्याची अनुसूची मी मोठेपणी वाचली आणि वाचतच राहिले. भरणं, उतरवणं, थप्पी लावणं, वाहून नेणं, वजन करणं, मापणं, पोती भरणं, शिवणं, निवडणं, साफ करणं. एकेक काम नाव घेऊन लिहिलेलं. त्याआधी ही माणसं कुणाचीच नव्हती. आज या पेढीवर पोती उचलली, उद्या त्या पेढीवर. मालक विचारायचा, हा माझा नोकर कधी होता? कायद्याने मालक कोण हा प्रश्नच बाजूला ठेवला आणि काम कुठलं हे विचारलं. ही कामं करणारा तो कामगार. त्याची नोंद बोर्डात. मालकाने मजुरी आणि तिच्यावर ठरलेली लेव्ही, म्हणजे वरची टक्केवारी, बोर्डात भरायची आणि बोर्डाने कामगाराला पगार द्यायचा. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, दवाखाना हे सगळं त्या लेव्हीतून. आप्पांनी त्यांच्या उभ्या आयुष्यात डझनावारी व्यापाऱ्यांचा माल उचलला, पण त्यांचा हिशोब एकाच जागी राहिला. माझं शिक्षण त्याच हिशोबावर झालं.

टोळीचीही आपली पदं होती. मुकादम टोळी सांभाळणार, कोण कुठल्या गाडीवर ते तो ठरवणार. तोलणार काट्यावर. थप्पी लावणारा म्हणजे टोळीतला जाणता माणूस. आप्पा थप्पीवर असायचे. पोत्याचं शिवलेलं तोंड नेहमी आतल्या बाजूला, एक थर उभा तर वरचा आडवा, कोपऱ्याची पोती किंचित आत झुकलेली. तोंड आत असलं की टाका सुटला तरी धान्य बाहेर सांडत नाही. कोपरे आत असले की थप्पी वीस थर गेली तरी फुगत नाही. आमच्या गोदामातल्या पॅलेटवरच्या खोक्यांना 'इंटरलॉकिंग' शिकवतात तेव्हा मला आप्पांचे दोन्ही हात दिसतात, जेवताना ताटाशेजारी काड्यापेट्या रचून थप्पी समजावणारे.

बाजार समितीत तर हमाल-मापाडी हा स्वतंत्र मतदारसंघ आहे. शेतकऱ्यांचे, व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी असतात तसा हमाल-मापाड्यांचा एक संचालक निवडून जातो. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनेही पाठीवर ओझं वाहणाऱ्याला असाच सभेत उभा राहून बोलणारा माणूस केलं. पदाला नोंद मिळाली, नोंदीला परवाना, परवान्याला मत. 'असोसिएट'ला असं कुठलं मत आहे?

भिवंडीचं चित्र वेगळं. इथे गोदामं वाढली ती मुंबईच्या जकात नाक्याच्या अलीकडे, मुंबई-आग्रा महामार्गालगत. माल इथे उतरवून ठेवायचा आणि लागेल तेवढाच मुंबईत न्यायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामं गेली नाहीत, उलट वाढली. राहनाळ, पूर्णा, वळ, दापोडे, मानकोलीकडचे जुने गाळे आणि सोनाळे, वडपे, पडघ्याच्या बाजूचे नवे उंच शेड यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जुन्या गाळ्यात अजून दिवाणजी, मेहताजी, टोळी, हातगाडी सापडते. नव्या शेडमध्ये बहुतेक सगळं मनुष्यबळ ठेकेदाराचं. मालाची कंपनी एक, गोदाम चालवणारी दुसरी, माणसं पुरवणारी तिसरी. लोडर त्या तिसऱ्याचा. आप्पांच्या वेळचा प्रश्न, हा माझा नोकर कधी होता, इथे पुन्हा विचारला जातो, फक्त विचारणारे आता तिघं आहेत.

माथाडी या पदाला या पट्ट्यात बदनामीही आली, ते लपवण्यात अर्थ नाही. एकही खोका न उचलता गाडी अडवून पैसे मागणारे स्वतःला माथाडी म्हणवतात. चालकाकडून घेतल्या जाणाऱ्या वाराईवर, म्हणजे उतराईच्या पैशांवर, ट्रकमालकांचा राग तर जुनाच, 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही त्यांची घोषणा त्यातूनच आली, आणि तिच्यात तथ्य आहे. चालकाने उतराई का भरावी? पण उचलणाऱ्याचा हक्क आणि अडवणाऱ्याची वसुली एकाच नावाखाली मोजली की मार बसतो तो उचलणाऱ्याला. २०२३ मध्ये माथाडी कायद्यात दुरुस्तीचं विधेयक विधिमंडळात आलं तेव्हा यंत्राच्या मदतीने केलेलं काम माथाडी धरायचं की नाही, यावरून मोठा वाद झाला. माथाडी संघटनांनी कडाडून विरोध केला. मी त्या बाजूची आहे. हाताने ओढायच्या पॅलेट ट्रकवर टनभर माल घेऊन उतारावर थांबवून दाखवा, मग ठरवू श्रम कुणाचे लागले, माणसाचे की यंत्राचे.

आता आमच्याकडचीच गोष्ट. मी आधी जिथे होते त्या गोदामात एक मुलगा रीच ट्रक चालवायचा. लोडर म्हणून आला, रिकाम्या वेळात मशीन शिकला आणि हळूहळू पूर्ण शिफ्ट मशीनवरच. गल्लीत सगळ्यात साफ हात त्याचा. एके रात्री वरून पॅलेट उतरवताना तळातली फळी तुटली, खोके कोसळले आणि बाजूला घ्यायला गेलेल्या त्याच्या पायावर आले. पाऊल मोडलं. दवाखाना झाला, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड होतं म्हणून खर्च निभावला. पण अपघाताचा अहवाल लिहायला बसले तेव्हा पहिला प्रश्न आला, "हेल्पर मशीनवर कसा?" त्याच्या पत्रावर 'हेल्पर' होतं. ज्यांनी त्याला रोज मशीनवर बसवलं तेच लोक आता तो परवानगीशिवाय बसला होता असं लिहायला निघाले. शिफ्टची ड्यूटी शीट, ज्यावर त्याचं नाव मशीन नंबरसमोर होतं, ती माझ्याकडच्या फाइलला लागलेली होती. तिची प्रत जोडली म्हणून अहवालातलं ते वाक्य बदललं. पद मात्र बदललं नाही. तो बरा होऊन आला तोही हेल्पर म्हणूनच, मशीनही तेच.

यात पैशाचा भागही आहे. किमान वेतनाच्या तक्त्यात कामगार अकुशल, अर्धकुशल आणि कुशल असे धरतात, प्रत्येकाचा दर वेगळा, आणि दर सहा महिन्यांनी विशेष भत्ता बदलतो. पत्रावर हेल्पर असलं की तुम्ही अकुशल. हातात कितीही कसब असो, तक्ता पत्राकडे बघतो. सरकारच्या व्यवसायांच्या राष्ट्रीय वर्गीकरणातही माल चढवणारे-उतरवणारे ९३३३ मध्ये, साठ्याचा हिशोब ठेवणारे ४३२१ मध्ये आणि फोर्कलिफ्टसारखी यंत्रं चालवणारे ८३४४ मध्ये येतात. पहिला आकडा ९ म्हणजे प्राथमिक कामं, ८ म्हणजे यंत्रचालक, ४ म्हणजे कारकुनी. हेच आकडे आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही आहेत. आखातात नोकरीला जाणाऱ्या पोरांनी तर हे बघावंच, तिकडे अनुभवाच्या दाखल्यावर पद काय लिहिलंय याला फार महत्त्व देतात.

म्हणून फोन करणाऱ्या सगळ्यांना माझं सांगणं.

नियुक्तिपत्र मागा. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयक संहितेत प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र देणं मालकावर बंधनकारक केलंय. "पत्र नंतर मिळेल, आधी जॉइन व्हा," असं ठेकेदाराचा माणूस म्हणेल. जॉइन व्हा, पण पत्राचा तगादा सोडू नका, आणि आलं की पदाची ओळ वाचा. पिकरचं काम आणि पत्रावर हेल्पर असेल तर त्याच आठवड्यात साधा अर्ज करा, मराठीत केला तरी चालतो. 'मी अमुक तारखेपासून अमुक काम करत आहे, त्याप्रमाणे पदाची नोंद व्हावी.' त्याच्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच मजकूर एचआरच्या मेलवर पाठवा.

मशीनवर बसायला सांगितलं तर आधी प्रशिक्षणाचा दाखला मागा. लॉजिस्टिक्स सेक्टर स्किल कौन्सिलचे वेअरहाउस पिकर, पॅकर, इन्व्हेंटरी क्लार्क, रीच ट्रक ऑपरेटर असे वेगवेगळे अभ्यासक्रम आहेत. त्यातला दाखला असेल तर पद मागताना हातात काहीतरी असतं. दाखला नसताना कुणी "जरा बस रे मशीनवर" म्हणालं, तर नाही म्हणा. सुपरवायझर तुमचा कितीही लाडका दादा असो.

ओव्हरटाइमचं गणितही याला जोडलेलं आहे. दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाच्या ठरलेल्या तासांच्या किंवा आठवड्याला ४८ तासांच्या वरचं काम दुप्पट दराने. दुप्पट कशाच्या? तुमच्या पदाच्या दराच्या. सणाच्या महिन्यात बारा-बारा तास उभे राहता तेव्हा चुकीच्या पदामुळे होणारं नुकसान तासागणिक दुप्पट होतं. मुलींसाठी वेगळं सांगते, रात्री साडेनऊ ते सकाळी सातच्या मधली शिफ्ट तुमच्या संमतीशिवाय लावता येत नाही, आणि संमती दिली तरी सुरक्षेची व्यवस्था करणं मालकाचं काम आहे. संमतीच्या कागदावर सही करण्याआधी परतीची बस कुठपर्यंत सोडते ते त्याच कागदावर लिहून घ्या. बस कल्याण स्टेशनला सोडणार की कोन गावच्या नाक्यावर, हा फरक पहाटे चारला फार मोठा असतो.

आणि ड्यूटी शीट. रोज शिफ्ट सुरू होताना जिथे नावं लागतात, तिथला आपल्या नावासमोरचा रकाना बघा. तुम्ही मशीनवर आणि रकान्यात 'लोडिंग' लिहिलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या, गाडी खाली करायला सुरुवात होण्याआधी.